पूरपट्ट्यातलं दुकान: किती फूट, किती तास

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे हेच आकडे ३९ आणि ४३. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे तासातासाला मोबाइलवर फिरतात आणि टपरीपासून पेढीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण ही झाली नदीची पातळी. "पुलाला किती फूट असताना तुमच्या पायरीला पाणी लागतं?" असं एखाद्या दुकानदाराला विचारून बघा. बहुतेक जण कमरेला हात लावून "मागच्या वेळी एवढं आलं होतं" म्हणतात.

कंबर हे माप नव्हे. ती माणसागणिक बदलते आणि पुढचं पाणी तिथे थांबेल याची हमी कोणी दिलेली नाही. सांगली-कोल्हापूरने १६ वर्षांत तीन महापूर पाहिले: २००५, २०१९, २०२१. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ मध्ये ५५ च्या वर होतं, दोनच वर्षांनी ५६ च्या वर. २०१९ च्या खुणेवर फळी ठोकून निर्धास्त झालेल्यांचा माल २०२१ मध्ये भिजला तो या एवढ्याशा फरकाने. चिपळूणची बाजारपेठ २६ जुलै २००५ ला बुडाली होती, पुन्हा २२ जुलै २०२१ ला बुडाली.

कारणं शेकडो सांगता येतील: नदीपात्रातली बांधकामं, भराव, गाळ, धरणांतला विसर्ग. ती खरी आहेतच. पण वरून पडणाऱ्या पाण्याची तऱ्हाही बदलली आहे. हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते सावकाश न पडता एकदम कोसळतं. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथून कोयना पूर्वेला उतरते आणि सावित्री पश्चिमेला, महाडकडे. एकाच डोंगरावरचा पाऊस दोन्ही बाजूंच्या बाजारपेठा भिजवतो तो असा.

जलसंपदा खात्याच्या पूररेषेच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "२५ वर्षांतून एकदा" हे शब्द फार फसवे आहेत. त्याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. गाळा १० वर्षांच्या भाडेकराराने घेतला, तर त्या काळात निदान एकदा निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास निघते. तीनात एक. आणि हा हिशोब मागच्या पावसाच्या नोंदींवरचा आहे, पुढच्या नव्हे. नवा गाळा घेताना पार्किंग आणि वास्तू बघितली जाते. नगरपालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघायला अर्धा दिवस पुरतो.

दोन आकडे काढायचे कसे

पहिला आकडा फुटांचा. दुकानाच्या फरशीपासून मागच्या मोठ्या पुराच्या खुणेपर्यंत टेप लावा. आपल्या भिंतीला रंग देऊन झाला असेल तर शेजारच्या जुन्या इमारतीवर, मंदिराच्या खांबावर, विजेच्या खांबावर खूण सापडते. तिथली उंची आपल्या भिंतीवर आणायला गवंड्याची पाण्याची नळी लागते. पारदर्शक नळीत पाणी भरून, हवेचे बुडबुडे काढून, एक टोक त्या खुणेवर आणि दुसरं आपल्या भिंतीवर धरायचं. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत थांबतं. बुडबुडा राहिला तर दोन-तीन इंचांची चूक सहज होते.

मग त्या खुणेशी नदीचा आकडा जोडा. समजा पुलाला ४९ फूट असताना पायरीला पाणी लागलं होतं आणि सर्वोच्च ५७ ला दुकानात ७ फूट होतं. नदीतलं ८ फूट आणि रस्त्यावरचं ७ फूट हे जुळत नाही म्हणून गोंधळू नका. उतार, वळणं आणि नाले यांमुळे एवढा फरक पडतोच. दोन पुरांचे असे आकडे मिळाले तर तिसऱ्याचा अंदाज चांगला येतो. पाणी कुठून येतं हेही लिहून ठेवा. पुष्कळ पेठांत ते नदीच्या बाजूने येतच नाही. नाल्यातून उलटा फुगवटा येतो आणि पाणी आधी मागच्या बोळात दिसतं. पुढच्या शटरला वाळूची पोती लावून बसलेल्यांच्या संडासातून पाणी वर येतं ते याच कारणाने. ड्रेनेजच्या चेंबरवर एकदिशा झडप बसवून घेतली तर हा रस्ता बंद होतो. पण झडपेच्या पात्यात केस, प्लास्टिक, चिंधी अडकली की ती उघडीच राहते, म्हणून मे महिन्यात उघडून धुवायची.

दुसरा आकडा तासांचा, आणि इथे घाटाच्या दोन बाजूंचं गणित पूर्ण वेगळं आहे.

कृष्णा-पंचगंगेला पाणी बोटाबोटाने चढतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडतात, प्रत्येकातून १४२८ क्युसेक, आणि किती उघडले ही बातमी पाण्याच्या आधी शहरात पोचते. पाणी तासाला ३ इंच चढत असेल तर एका फुटाला ४ तास. सांगलीच्या व्यापाऱ्याला साधारण एक दिवस, कधी दोन दिवस हाताशी मिळतात. त्याची अडचण दुसरीच: पाणी उतरायलाही तितकंच संथ. २०१९ मध्ये आठवडाभर माल, भिंत, मोटर सगळं पाण्यात होतं. महामार्ग बंद पडला तो वेगळाच.

चिपळूण-महाडला सह्याद्रीचा कडा पाठीशीच आहे. रात्री दहाला कोरडं असलेलं दुकान पहाटे छातीभर पाण्यात, असा प्रकार. तिथे इशारा मिळून तीन-चार तास हातात राहिले तरी पुष्कळ, आणि ते तास रात्रीचे, वीज गेलेले. भर घालायला समुद्र. खाडीला भरती असली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं. २२ जुलै २०२१ नंतर दोनच दिवसांत पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५, तिची पाऊणपट सव्वाअकरा. हा समुद्रकाठचा वेळ, खाडीतून आत यायला भरतीला आणखी वेळ लागतो. जून ते सप्टेंबरच्या अमावास्या-पौर्णिमा आणि त्यांच्या आगेमागचे तीन दिवस दुकानाच्या कॅलेंडरवर लाल करून ठेवायचे. अशा दिवशी घाटमाथ्यावर अतिवृष्टीचा लाल इशारा आला तर माल संध्याकाळीच उचलायचा, मग पाऊस पडो न पडो. वर्षातून दोन-तीनदा उगाच उचलल्यासारखं होईल, हमाली वाया जाईल. ती धरूनच चालायचं.

माल उचलण्याचं गणित

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

किराणा घाऊक दुकानात १० टन माल आहे, म्हणजे ५० किलोची २०० पोती. चार हमाल. पोतं पाठीवर घेऊन जिना चढून परत यायला दोन-तीन मिनिटं, म्हणजे तासाला माणशी २० फेऱ्या. कागदावर ८० पोती तासाला, अडीच तासांत काम फत्ते. प्रत्यक्षात जिना अडीच फुटांचा आणि त्यावर एका वेळी एकच माणूस. वरचा खाली येईपर्यंत खालचा थांबतो. दुसऱ्या तासाला पाय भरून येतात. अडीचचे पाच तास होतात. आणि पाणी चढत असताना हमालाचं स्वतःचं घर नदीकाठच्या वस्तीत असतं. तो तुमच्या साखरेसाठी थांबेल का, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं. माणसं आधी ठरवून, त्या दिवसाची हमाली दीडपट बोलून, काही रक्कम आगाऊ देऊन ठेवणारे व्यापारी आहेत, आणि त्यांचा माल वर जातो.

पाच तास नसतील तर काय आधी उचलायचं? डोळ्यांसमोर जे असेल ते उचललं जातं, किंवा जड ते आधी. दोन्ही चूक. किलोमागे किंमत काढा. काजू, वेलची, केशर, तूप एका बाजूला आणि साखर, मीठ, पोहे दुसऱ्या बाजूला ठेवले तर एका फेरीत उचललेल्या मालाच्या किमतीत वीसपट-तीसपट फरक सहज निघतो. कापड दुकानात साड्या आधी, चादरी मागून. हार्डवेअरमध्ये बेअरिंग, कटिंग टूल, इलेक्ट्रिकचा माल आधी. लोखंडी पाइप भिजू द्या, धुऊन तेल लावून विकता येतो. सिमेंट मात्र भिजलं की दगड, पण ते उचलत बसलात तर बाकीचं बुडेल. त्यावर उपाय एकच, पावसाळ्यात साठाच कमी ठेवायचा. ही यादी मे महिन्यात करून रॅकवर रंगाने लिहा: लाल पट्टी पहिल्या तासात, पिवळी दुसऱ्यात, बाकीचं देवाच्या हवाली. रात्री बॅटरीच्या उजेडात नव्या पोऱ्यालाही रंग कळतो.

वर कुठे ठेवणार हा प्रश्नही आधीच सोडवावा लागतो. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून बनवतात. सिमेंटच्या किंवा साखरेच्या एका पोत्याला साधारण पाव ते तृतीयांश चौरस मीटर जागा लागते. म्हणजे पोत्यांचा एकच थर रचला तरी चौरस मीटरला १५० ते २०० किलो, स्लॅबची मर्यादा तिथेच संपली. घाईत पाच थर रचतात आणि तो भार ७५० च्या वर जातो. पुरात बीमला पडलेल्या भेगांचं खापर पाण्यावर फुटतं, पण काही वेळा त्या वरच्या पोत्यांमुळे पडलेल्या असतात. भार भिंतीच्या आणि बीमच्या कडेने पसरा, मधोमध ढीग नको. लाकडी पोटमाळ्यावर तर हलकाच माल.

जिन्याला पर्याय म्हणून स्लॅबला चौकोनी झाप ठेवून ५०० किलोची हाताने ओढायची चेन-पुली लावता येते. विजेची लिफ्ट बसवू नका असं नाही, पण ज्या रात्री ती लागते त्या रात्री वीज नसते. चेन-पुलीचा आकडा ज्या बीमला टांगायचा तो स्थापत्य अभियंत्याला दाखवून घ्या.

आणखी एक अडचण पंचांगाची आहे. राख्या, गणपतीची सजावट, नारळीपौर्णिमेचा माल, सगळा जुलै-ऑगस्टमध्येच दुकानात येतो. वर्षातला सर्वाधिक साठा आणि नदीची सर्वाधिक पातळी एकाच पंधरवड्यात. इथे चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून चार महिन्यांसाठी उंचावरचं गोदाम भाड्याने घेणं परवडतं. सांगलीकरांना कुपवाड, कोल्हापूरकरांना गोकुळ शिरगाव. पेठेतल्या दुकानात फक्त आठवड्याचा माल, बाकी टेम्पोने रोज. वाहतुकीचा खर्च वाढतो. पण तो एकदा बुडालेल्या मालाशी ताडून बघा. हरिपूर भागात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यानंतर तो व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. साठवणुकीची जागा बदलणं हे या नदीकाठाला नवं नाही.

भिंत, रॅक, टाकी

पाणी अडवायचं की आत येऊ द्यायचं? दहा फूट रुंद शटरच्या बाहेर ३ फूट पाणी असेल तर त्यावरचा दाब सव्वा टनाच्या आसपास. ६ फूट झालं तर पाच टन, कारण उंची दुप्पट झाली की जोर चौपट होतो. शटर तेवढ्याने वाकतं आणि मग पाणी लोंढ्याने घुसून रॅक उलटे करतं. साडेनऊ इंची विटांच्या भिंतीचीही गत हीच. म्हणून अडवण्याचे उपाय, म्हणजे फळ्यांचा अडसर, रबरी पट्टी, वाळूची पोती, अडीच-तीन फुटांपर्यंतच करावेत. त्याहून जास्त येणार असं दिसलं की शटर थोडं वर करून पाणी शांतपणे आत येऊ द्यायचं. जिवावर येतं, पण इमारत वाचते. वाळूचं पोतं गळ्यापर्यंत भरू नये, अर्ध्याहून थोडं जास्त भरावं. ठासून भरलेली पोती एकमेकांवर बसत नाहीत, फटी राहतात. खाली प्लास्टिकचा कागद अंथरून तो पोत्यांच्या पुढच्या बाजूने वर घ्या.

रॅक लोखंडी अँगलचे घ्या आणि भिंतीला बोल्टने बांधा. भुसा दाबून केलेल्या फळ्या एका रात्रीत लापशी होतात. प्लाय हवाच असेल तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. मालाचा सर्वांत खालचा सुरक्षित कप्पा खुणेच्या बरोबर वर ठेवू नका. विटा आणि गिलावा पाणी वर शोषतात, आठवडाभराच्या पुरात ओल खुणेच्या फूटभर वर सहज चढते. भिंतीला टेकलेल्या खोक्यांना ती लागते. भिंत आणि मालात चार बोटं अंतर सोडा.

तरंगणाऱ्या वस्तूंचा विचार कोणी करत नाही. घरगुती गॅसची भरलेली टाकीसुद्धा तरंगते: टाकी आणि गॅस मिळून वजन ३० किलोच्या आसपास, आणि ती ३३ लिटरहून जास्त पाणी बाजूला सारते. उपाहारगृहातल्या टाक्या सैल राहिल्या तर नळी तुटून गॅस सुटतो. रेग्युलेटर काढून, झाकण लावून, टाक्या साखळीने बांधा. आइस्क्रीमचे फ्रीजर तरंगत येऊन नेमके दाराला आडवे बसतात. खालच्या मजल्यावरची पाण्याची १००० लिटरची रिकामी टाकी पुरात जवळजवळ एक टनाच्या जोराने वर उसळते आणि पाइप उपटते, म्हणून पूर येण्याआधी ती भरून ठेवायची. तेलाचे, रंगाचे, कीटकनाशकांचे डबे सगळ्यांत वर. एक पिंप फुटलं की शेजारच्या तीन दुकानांचा माल वासाने जातो.

वीज आणि मोटरी

मीटर, मेनस्विच आणि वितरण पेटी खुणेच्या किमान २ फूट वर हवी. मीटर हलवायला महावितरणकडे अर्ज करावा लागतो. तो एप्रिलमध्ये करा, जूनमध्ये त्यांची माणसं झाडं तोडण्यात असतात. खालच्या मजल्यावरच्या सॉकेटचं सर्किट वेगळं घ्या, म्हणजे ते बंद करून वरचा उजेड चालू ठेवता येतो. पाण्यात गेलेले एमसीबी, गळती संरक्षक, स्विच वाळवून परत वापरू नयेत. बाहेरून कोरडे दिसतात, आत गाळाचा थर असतो, आणि ऐन वेळी ते पडतच नाहीत. इन्व्हर्टरची बॅटरी बुडू देऊ नका.

इचलकरंजीसारख्या गावात यंत्रमागांचा प्रश्न वेगळा. माग उचलता येत नाही, पण त्याची १ अश्वशक्तीची मोटर एक माणूस काढू शकतो. अडतं ते गंजलेल्या बोल्टवर. मे महिन्यात चारही बोल्ट सोडवून ग्रीस लावून परत बसवा आणि वायरिंग कायमचं जोडण्याऐवजी औद्योगिक प्लग-सॉकेट लावा. मग एका मोटरीला पाच मिनिटं पुरतात. २४ मागांच्या शेडला दोन माणसं आणि एक तास. मागाला उघड्या लोखंडी भागांवर ग्रीस फासून सोडून द्यायचं.

मोटर बुडालीच तर "उन्हात ठेवली, सुकली, चालू केली" हा तिला मारण्याचा हमखास मार्ग. आधी खोलून स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा. मग वाइंडिंग ओव्हनमध्ये किंवा बल्बच्या पेटीत ८०-९० अंशांवर वाळवायचं. बेअरिंग नवीन घालायचे. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, मोजून निदान १ मेगओहम, शक्यतो दीड-दोन मिळाल्याशिवाय वीज द्यायची नाही. पहिल्या दिवशी वाचन चांगलं येतं आणि दुसऱ्या दिवशी उतरतं, कारण आतली ओल बाहेर येत असते. म्हणून दोन दिवस लागोपाठ मोजा. पुरानंतर रिवाइंडिंगवाल्याकडे महिन्याची रांग लागते, तेव्हा दुसऱ्या शहरातला एक कारागीर आधीच माहीत असावा.

संगणक, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर वरच्या मजल्यावर. टॅलीचा बॅकअप रोज इंटरनेटवरच्या खात्यात आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडच्या पेनड्राइव्हवर. उधारीची वही अजून कागदावर असेल तर दर शनिवारी फोटो. माल बुडाल्यावर विमा थोडंफार देतो, वही बुडाल्यावर कोणी काही देत नाही.

विमा, आणि त्याच्यात लपलेला जीएसटी

१ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आगीबरोबर पूरही त्यात आहे. पॉलिसी बहुतेकांकडे असतेच, कारण बँकेने कर्जासोबत उतरवलेली असते. अडचण अशी की ती कोणी वाचलेली नसते. पत्ता दुकानाचा आणि माल गोदामात, असं निघालं तर गोदामातल्या मालाचे पैसे मिळत नाहीत. पावसाळी गोदाम घेतलं की तो पत्ता लेखी जोडून घ्या. दोन्हीकडे माल फिरत असेल तर फ्लोटर, म्हणजे दोन्ही पत्त्यांवरच्या मालाला मिळून एकच विमा, मागा.

विम्याची रक्कम कमी ठेवण्याची सवय महागात पडते. माल २० लाखांचा, विमा १२ लाखांचा, नुकसान १० लाखांचं. हातात १० येतील असं वाटतं, मिळतात ६, कारण प्रमाणात कापतात. वर सांगितलेल्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढची नाही. आकडा ठरवताना वर्षाची सरासरी धरू नका, गणपतीच्या आधीचा साठा धरा.

जीएसटीची गोष्ट तर सीए लोकही दावा करताना विसरतात. कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, परत करावं लागतं. १० लाखांचा १८ टक्क्यांचा माल वाहून गेला तर १ लाख ८० हजारांचं क्रेडिटही गेलं. विमा कराशिवायच्या खरेदी किमतीवर घेतला असेल तर हे पैसे खिशातून. म्हणून विम्याची रक्कम करासह ठरवा आणि ते पॉलिसीत लिहून घ्या. अंशतः भिजलेला माल कमी भावात बिल करून विकला तर तो 'नष्ट' धरला जात नाही, त्याचं क्रेडिट टिकतं. तेव्हा विकण्यासारखा आणि टाकून द्यायचा असे दोन ढीग वेगळे ठेवा, दोन वेगळ्या याद्यांसह. खाण्याचा माल आणि औषधं मात्र पहिल्या ढिगात कधीच नकोत.

पाणी उतरताना

गाळ ओला असतानाच निघतो. वाळला की सिमेंटसारखा बसतो आणि छिन्नी लागते. म्हणून पाणी घोट्याएवढं राहिलं की त्याच पाण्यात खराट्याने गाळ ढवळून बाहेर ढकलायचा, उतरणारं पाणीच तो घेऊन जातं. पण त्याआधी फोटो. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो, प्रत्येक रॅकचा फोटो, मालाच्या लेबलांचा फोटो. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, तलाठ्याचा पंचनामा वेगळा घ्या. सर्वेक्षक येण्याआधी कुजणारा माल काढावाच लागला तर प्रत्येक प्रकारातले नमुने राखा आणि बाकीचा वजन करून, पंचांच्या सह्या घेऊन हलवा.

तळघर असेल तर पंप लावून एका दिवसात रिकामं करू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते आणि आतला आधार गेला की भिंत आत येते. दिवसाला तृतीयांश पाणी काढा. डिझेल जनरेटर बंद खोलीत चालवू नका, त्याचा विषारी वायू दिसत नाही आणि माणूस झोपेतच जातो. गाळ काढणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे द्या, पायाला जखम असेल त्याला त्या दिवशी चिखलात उतरवू नका. लेप्टोच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या. गुळण्या करायलाही नळाचं पाणी पहिले काही दिवस उकळूनच.

कर्जाचा हप्ता थकण्याआधी बँकेत अर्ज द्या. आपत्तीग्रस्त जाहीर झालेल्या भागात हप्ते पुढे ढकलायची, कर्जाची फेररचना करायची सोय असते. पण ती अर्ज करणाऱ्याला मिळते, आणि खातं थकीत झाल्यावर बोलणी अवघड होतात.

रंगकाम निदान दोन महिने पुढे ढकला. ओल्या भिंतीवरचा रंग दिवाळीपर्यंत पापुद्रे धरतो. आणि रंगारी आला की आधी त्याच्याकडून पाण्याच्या रेषेवर छिन्नीने चार इंच लांब खाच मारून घ्या. शेजारी तारीख, फरशीपासूनची उंची फूट-इंचांत, आणि त्या वेळी पुलाला किती होतं तो आकडा. वरून ऑइलपेंट. मग खुशाल भिंत रंगवू द्या.